वजन दिसलं पाहिजे

मॉडेलांच्या प्रदर्शनात टँक ट्रान्सपोर्टर, म्हणजे रणगाडा पाठीवर घेऊन जाणारा अजस्र लष्करी ट्रक मांडला की बघणाऱ्यांचे सरळ दोन गट पडतात. पहिला गट वर चढवलेल्या रणगाड्याकडे बोट दाखवतो, तोफेच्या बारकाईचं कौतुक करतो आणि पुढच्या टेबलाकडे सरकतो. दुसरा गट गुडघ्यांवर बसतो. डोळे टेबलाच्या कडेशी आणून टायर जमिनीला कसे टेकलेत ते बघतो, मग स्प्रिंगचे पाटे किती दबलेत ते बघतो, मग रणगाडा बांधणाऱ्या साखळ्या. रणगाड्याकडे त्याची नजर सगळ्यांत शेवटी जाते. हा दुसरा गट म्हणजे आम्ही, हे ट्रक बांधणारे लोक. एकमेकांचं काम आम्ही असंच तपासतो, आणि त्या तपासणीत प्रश्न एकच असतो: वजन दिसतंय का?

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटेल. रंग, डेकल, बारीकसारीक खिळे हे सगळं सोडून वजन कशाला? तर त्याचं कारण साध्या गणितात आहे. आमची बहुतेक लष्करी मॉडेलं १/३५ या प्रमाणात असतात. लांबी पस्तीसपट कमी होते, पण वजन पस्तीसपट कमी होत नाही. ते कमी होतं ३५ च्या घनाने, म्हणजे ४२,८७५ पट. दुसऱ्या महायुद्धातला शर्मन रणगाडा साधारण ३० टनांचा. या हिशोबाने त्याचं मॉडेल ७०० ग्रॅम भरायला हवं. प्लास्टिकचा पोकळ शर्मन त्याच्या जवळपासही जात नाही. पण समजा, आत शिशाचे तुकडे भरून तो बरोबर ७०० ग्रॅमचा केला, तरी उपयोग शून्य. कारण खालच्या ट्रेलरचे पाटे हे एकसंध प्लास्टिकचे तुकडे असतात, त्यांना वाकणं माहीत नाही. टायर भरीव असतात, त्यांना फुगणं माहीत नाही. खऱ्या ट्रकवर जे काम गुरुत्वाकर्षण फुकटात करून देतं, ते इथे हाताने, एकेका चाकाशी बसून करावं लागतं.

आणि ते किती बारीक असतं बघा. रणगाडा चढल्यावर खऱ्या ट्रेलरचा टायर पाच सेंटिमीटर दबला असं धरू. १/३५ मध्ये ते होतात जेमतेम दीड मिलिमीटर. तीस-चाळीस टनांची सगळी कहाणी त्या दीड मिलिमीटरमध्ये मावते. तेवढं चुकलं की अर्धा मीटर लांबीचं, महिनोन्‌महिने खपून केलेलं मॉडेल खेळण्यासारखं दिसायला लागतं.

हे १/३५ प्रमाण आलं कुठून, याचा किस्सा आमच्या क्षेत्रात नवीन आलेल्या प्रत्येकाला कुणीतरी ऐकवतोच. जपानमधल्या शिझुओका शहरात योशिओ तामिया यांनी १९४६ मध्ये लाकूड कापायची गिरणी सुरू केली. लाकडाचे तुकडे हाताशी होते, त्यातून लाकडी मॉडेलं बनवणं सुरू झालं आणि पुढे तोच मुख्य धंदा झाला. प्लास्टिकचा जमाना आला तेव्हा १९६० मध्ये कंपनीने ‘यामातो’ युद्धनौकेचं पहिलं प्लास्टिक मॉडेल काढलं. नेमकं त्याच वेळी एका स्पर्धकाने तीच नौका कमी किमतीत बाजारात आणली. तामियांचं कंबरडं मोडायची वेळ आली. त्यातून सावरल्यावर संस्थापकांचे चिरंजीव शुन्साकु तामिया यांनी जर्मनीच्या ‘पँथर’ रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल हाती घेतलं. आत मोटर आणि दोन बॅटऱ्या बसायला हव्या होत्या, म्हणून त्या बसतील एवढा रणगाडा केला. तो तुफान खपला. मग दुसरे रणगाडेही त्याच मापात काढायचे ठरले, आणि पँथर मोजून पाहिला तेव्हा तो खऱ्याच्या साधारण पस्तिसावा भाग भरला. आज जगभरच्या लष्करी मॉडेलांचं जे प्रमाण मानलं जातं, ते त्या दोन बॅटऱ्यांनी ठरवलं!

शुन्साकु तामिया यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, तो त्यांच्या हट्टापायी. एका पोर्शे गाडीचं मॉडेल करायचं तर त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि सुटे भाग दिसावेत म्हणून ती उघडून टाकली. आतलं समजल्याशिवाय बाहेरचं बरोबर येत नाही, यावर त्या माणसाचा ठाम विश्वास होता. हा हट्ट मोठ्या ट्रकच्या मॉडेलात जितका कामी येतो तितका दुसरीकडे क्वचितच. रणगाड्याचं पोट चिलखताआड झाकलेलं असतं. ट्रकचं सगळं उघडं: चासिस, प्रोपेलर शाफ्ट, हवेच्या टाक्या, ब्रेकच्या नळ्या, विंच, पाटे. लपवायला जागाच नाही.

त्यातही ‘ड्रॅगन वॅगन’ हे प्रकरण वेगळं. अमेरिकेचा एम-२६ हा पुढचा ट्रॅक्टर आणि एम-१५ हा ४० टनी ट्रेलर, या जोडीला हे नाव पडलं. मूळ आराखडा सॅन फ्रान्सिस्कोच्या नकी ट्रक कंपनीचा, आणि युद्धकाळातलं उत्पादन वॉशिंग्टन राज्यातल्या रेंटन इथे पॅसिफिक कार अँड फाउंड्रीमध्ये. ही गाडी नुसती हमाली करण्यासाठी नव्हती. रणांगणावर निकामी झालेला रणगाडा गोळीबारात ओढून काढायचा, म्हणून ड्रायव्हरच्या केबिनला चिलखत आणि छतावर मशीनगन. हॉल-स्कॉट कंपनीचं २४० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन. आणि मागच्या चाकांना ताकद पोचवायला सायकलीसारखी, पण कितीतरी जाड साखळी. पुढे चिलखताची केबिन काढून साध्या केबिनची आवृत्ती आली, कारण तेवढं पोलाद अंगावर वागवत रस्त्याने मैलोन्‌मैल जायचं म्हणजे गाडीवर आणि माणसांवर दोघांवरही जुलूम होता.

तामियाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस या जोडीचं १/३५ मॉडेल काढलं. ज्यांनी तोवर फक्त रणगाडे केले होते अशी कितीतरी माणसं या एका पेटीमुळे ट्रककडे वळली. आमच्या पुण्याच्या मित्रमंडळात त्या ड्राइव्ह-चेनवरून अजून वाद होतो. साखळी बसते मागच्या जोडचाकांच्या आतल्या बाजूला. चाकं लागली, चिखल लागला, गाडी पायावर उभी राहिली की तिचा फार थोडा भाग दिसतो. मग तिच्यावर किती वेळ घालवायचा? एक गट म्हणतो, दिसत नाही त्यावर रात्री जाळू नका. दुसरा गट, आणि मी त्यातलाच, म्हणतो की साखळीच्या वरच्या आणि खालच्या पदरात फरक दिसलाच पाहिजे. ओढणारा पदर ताठ, परतणारा किंचित ढिला. तेवढ्या फरकाने गाडी थांबलेली आहे की ओढते आहे हे कळतं. आमच्यातल्या एकाने तर कड्यांच्या खोबणीत ग्रीसचा काळा थर वेगळा आणि त्यावर बसलेली धूळ वेगळी रंगवली आणि मग चाक लावून ते कायमचं झाकून टाकलं. त्या मॉडेलकडे बघताना मला ती साखळी आत आहे हे माहीत असतं, आणि ते माहीत असण्यानं बघण्यात फरक पडतो.

आता टायर. रेझिनचे आधीच दबलेले टायर विकत मिळतात, पण ते परदेशातून मागवायचे म्हणजे किट परवडलं असं म्हणायची पाळी येते. म्हणून बहुतेक जण घरीच करतात. भरीव प्लास्टिकचा टायर असेल तर पॉलिश पेपर काचेवर चिकटवायचा आणि टायरचा खालचा भाग त्यावर सपाट घासायचा. इथवर सोपं. पण नुसता सपाट केलेला टायर पंक्चर झाल्यासारखा दिसतो, कारण दबलेल्या टायरचं पोट दोन्ही बाजूंना बाहेर येतं. ते पोट पुट्टीने द्यावं लागतं: जमिनीलगत जास्त, रिमकडे जाताना विरत जाणारं. पुट्टी सुकली की परत घासायची, टायरवरची अक्षरं वाचवत. जोडचाकं असतील तर आतल्या दोन टायरांची पोटं एकमेकांना जवळजवळ भिडलेली दिसायला हवीत. आणि रबरी टायर असतील तर पुट्टी धरतच नाही. तिथे आतून कापूस किंवा ठोकळे भरून आणि गरम पाण्यात मऊ करून आकार द्यायची खटपट करावी लागते.

अमेरिकेच्या सध्याच्या एम-१०७० ट्रकबरोबर जो एम-१००० ट्रेलर येतो, त्याला चाळीस टायर आहेत. नुसत्या ट्रेलरला! अब्राम्स रणगाडा वाढत वाढत सत्तर टनांच्या घरात गेला, तेव्हा ते ओझं रस्त्यावर पसरवायला एवढी चाकं लागली. हॉबीबॉस कंपनीने या जोडीचं मॉडेल काढलं आहे. ते करायला घेतलेला माणूस मधले काही आठवडे लोकांत दिसत नाही. बस, लोकल, डॉक्टरची वेटिंग रूम, कुठेही खिशातून टायर आणि पॉलिश पेपर निघतो. घरातली लेकरंसुद्धा मदतीला बसलेली मी पाहिली आहेत. एका मित्राच्या आईने तर सगळ्या टायरांची शिवण घासून दिली. त्यांचं म्हणणं होतं, ‘गवार मोडण्यापेक्षा हे बरं, निदान टिकतं तरी.’

या सगळ्या खटाटोपात आम्हाला सर्वांत मोठं शिक्षण मिळालं ते सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त सुभेदारांकडून. त्यांची बरीचशी नोकरी लष्करातल्या जड वाहनांवर गेलेली. ओळखीतून ते आमच्या एका रविवारच्या बैठकीला आले. टेबलावर चार-पाच ट्रान्सपोर्टर होते. साहेबांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि कुणाशी काही न बोलता एकेक गाडी बघायला लागले. एका कॉलेजातल्या मुलाच्या मॉडेलपाशी थांबले. रंगकाम देखणं होतं. ट्रेलरवर टी-७२ रणगाडा आणि त्याला बांधलेल्या साखळ्या छान झोल देऊन सोडलेल्या.

‘ही कुणी बांधली?’

‘मी, साहेब.’

‘अरं पोरा, रणगाडा बांधलाय का नवऱ्याला हार घातलाय?’

सगळे हसले, तो मुलगाही. मग साहेबांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि पुढचा तासभर आम्ही सगळे विद्यार्थी झालो. ते म्हणाले, ‘साखळी पुढं फुलीत, मागं फुलीत. टर्नबकल, म्हंजे साखळी ताणायचा स्क्रू, असा आवळायचा की साखळीवर हात मारला तर ती वाजली पाहिजे. आवळून निघालो म्हंजे झालं असं नसतंय. रणगाड्याला बी स्वतःचं सस्पेन्शन असतंय ना? गाडी हलली की तो खाली बसतो आन्‌ साखळी ढिली पडती. म्हणून थोडं पुढं गेलं की थांबायचं, उतरायचं, परत आवळायचं. हे न करणाऱ्याला मी गाडीत बसू दिलं नाय कधी.’

त्या मुलाने विचारलं, ‘साहेब, तोफ पुढे ठेवायची की मागे?’

‘मागं फिरवून लॉक. पुढं ठेवलीस तर केबिनच्या डोक्यावर येती.’ मग त्यांनी बोटाने रणगाडा किंचित पुढे सरकवला. ‘आन्‌ हा लई मागं बसवलास तू. वजन मागं गेलं की पुढच्या घोड्याचा, म्हंजे ट्रॅक्टरचा, मागचा भाग हलका पडतो, चाकांना पकड राहत नाय. लई पुढं घेतलास तर घोड्याचे पाटे मरतात. हे बघ, इथं पायजे.’

मॉडेलात तो फरक नखाएवढा होता. पण रणगाडा त्या जागी सरकला आणि सगळी गाडीच सावरून उभी राहिल्यासारखी झाली. त्या दिवसापासून आमच्याकडे एक रिवाज पडला: रणगाडा चिकटवण्याआधी ट्रेलरवर त्याची जागा खडूने आखायची आणि दुसऱ्याला दाखवायची.

ताठ साखळी करणं हे मात्र सांगण्याइतकं सोपं नाही. किटबरोबर येणारी साखळी वजनाला हलकी, ती जरा ओढली की कड्या आडव्या होतात. यावर आमच्या मंडळींनी शोधलेला उपाय तुळशीबागेतला आहे. तिथे नकली दागिन्यांच्या दुकानांत बारीक कड्यांच्या साखळ्या मीटरवर मिळतात. तीन मिलिमीटरच्या आसपासची कडी शोधायची. ती १/३५ मध्ये साधारण दहा सेंटिमीटरची होते. दुकानदाराला आधी वाटतं बायकोसाठी घेतोय, मग आम्ही पट्टी काढून कडी मोजायला लागलो की तो गोंधळतो. आता काही दुकानांत आम्हाला ओळखतात. सोनेरी मुलामा काढायला साखळी व्हिनेगरमध्ये घासायची, प्रायमर मारायचा, दोन टोकं ताणून धरायची आणि कड्यांच्या सांध्यात पातळ सुपरग्लूचा एकेक थेंब सोडायचा. सुकली की ती तारेसारखी ताठ उभी राहते. टर्नबकल बोहरी आळीतल्या पितळी तारेतून. हे असं स्थानिक सामानातून उभं केलेलं काम मला आयात केलेल्या सुट्या भागांपेक्षा जास्त प्रिय आहे, कारण त्यात बघणं आहे, शोधणं आहे.

भारतीय लष्कराच्या गाड्या करायला घेतल्या की वजनाचा प्रश्न आणखी गमतीदार होतो, आणि त्याचं कारण टाट्रा. चेकोस्लोव्हाकियाच्या या कंपनीशी बीईएमएलने १९८६ मध्ये करार केला आणि टाट्राच्या ट्रकांनी आपल्या लष्करात मोठी जागा घेतली. पिनाक रॉकेट लाँचर पाहिलाय ना प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात? त्याच्याखाली टाट्राच आहे. या ट्रकला शिडीसारखी नेहमीची चासिस नसते. मधोमध एक जाड पोलादी नळी, तिच्या आतून फिरणारा शाफ्ट, आणि तिच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे वरखाली होणारे अर्धे अर्धे आस. हान्स लेडविंका या अभियंत्याने १९२३ च्या टाट्रा ११ या छोट्या मोटारीत ही रचना आणली आणि ती अवजड ट्रकांपर्यंत पोचली. तिचा परिणाम असा की रिकाम्या टाट्राची चाकं तिरकी दिसतात: वरून बाहेर कललेली, खालून आत ओढलेली. ओझं चढत जातं तसतशी ती उभी होत जातात. म्हणजे या एका ट्रकमध्ये वजन टायरच्या दीड मिलिमीटरवर अवलंबून नाही. ते दहा फुटांवरून चाकांच्या कोनात वाचता येतं. मॉडेलवाल्यासाठी यापेक्षा मोठी देणगी कुठली? आणि तरीही लोक रिकाम्या टाट्राची चाकं काटकोनात बसवतात किंवा लादलेल्या गाडीची तिरकी ठेवतात, तेव्हा माझा जीव तुटतो.

भोसरीच्या एका कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या आमच्या मित्राने आठ चाकी टाट्रा प्लास्टिकच्या शीट आणि नळ्यांतून सुरुवातीपासून उभा केला. त्याने आस असे बनवले की मधल्या नळीपाशी बारीक पिना घालून ते खरंच वरखाली होतात. गाडी हातात उचलली की चाकं खाली लोंबतात आणि आत वळतात. टेबलावर ठेवून वरून दाबली की सरळ होतात. त्याचं पुढचं स्वप्न ‘सर्वत्र’ पूल आहे. डीआरडीओच्या पुण्यातल्या दिघीच्या प्रयोगशाळेने विकसित केलेला, टाट्रावर घडी घालून नेला जाणारा हा पूल. एका ट्रकवर १५ मीटरचा टप्पा, आणि असे पाच जोडले की ७५ मीटरपर्यंतची वाट. पाचही ट्रक करायचे त्याच्या मनात आहे, आणि पहिल्या ट्रकवर पूल घडी घातलेला, शेवटच्यावर नुकताच उतरवलेला. म्हणजे एकाच मांडणीत लादलेल्या आणि रिकाम्या गाडीची चाकं शेजारी शेजारी दिसतील. त्याने ही कल्पना सांगितली तेव्हा बैठकीत कुणी काही बोललंच नाही थोडा वेळ, मग सगळे एकदम बोलायला लागले.

आणखी एक तपशील, जो परदेशी मॉडेलवाल्यांना सांगितला की ते चकित होतात: आपल्याकडच्या बऱ्याच टाट्रांचं स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे, रस्ता आपला डावा असूनही. यावर सार्वजनिक चर्चा पुष्कळ झाली. मॉडेलात त्याचा अर्थ एवढाच की भारतीय गाडी करताय म्हणून डॅशबोर्ड उजवीकडे हलवायची घाई करू नका.

संदर्भासाठी फोटो मिळवणं हा आमच्या कामाचा निम्मा भाग आहे. शीतयुद्धाच्या काळात पाश्चात्त्य मॉडेलवाल्यांना सोव्हिएत ट्रक दिसायचे ते मुख्यतः मॉस्कोच्या लाल चौकातल्या संचलनात, क्षेपणास्त्रं ओढताना. आठ चाकांचा माझ-५३७ त्यातलाच. त्याचं बारा सिलिंडरचं ५२५ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन टी-३४ रणगाड्याच्या इंजिनाच्या घराण्यातलं, म्हणजे रणगाडा वाहणाऱ्याच्या पोटात रणगाड्याचंच काळीज. पण संचलनाचे फोटो फसवे असतात. तिथली गाडी ताज्या रंगाची, टायरच्या कडांना पांढरे पट्टे मारलेली, ओझं प्रतिष्ठेचं पण वजनाला कधी कधी हलकं. तीच गाडी युनिटमध्ये पाच वर्षं राबल्यावर वेगळी दिसते. आपल्या कर्तव्यपथावरच्या गाड्यांचंही तसंच. म्हणून फोटो नुसता बघायचा नसतो, तो कुठल्या दिवसाचा आहे हे आधी विचारायचं असतं.

आपल्याकडे छावणीच्या आसपास कॅमेरा काढायचा नाही, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो आणि नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. बघायचंच असेल तर अहिल्यानगरचं (पूर्वीचं अहमदनगर) रणगाडा संग्रहालय आहे. लोक तिथे १९६५ मध्ये हस्तगत केलेल्या पॅटनसमोर फोटो काढतात. आम्ही जमिनीवर वाकून पुढच्या-मागच्या ओढकड्या बघतो, कारण साखळी तिथे अडकते. कडीच्या आत कुठे घासलंय, रंग कुठे उडालाय, हे एकदा डोळ्यात बसलं की ब्रश आपोआप तिथे जातो. नंबरप्लेटच्या बाबतीतही एक पथ्य आहे. लष्करी नंबर वर टोक असलेल्या बाणाने सुरू होतो, मग वर्षाचे दोन आकडे, मग अक्षर आणि क्रमांक. डेकल आम्ही घरी छापतो, पण प्रत्यक्ष पाहिलेल्या गाडीचा नंबर कधीही जसाच्या तसा टाकत नाही. घाट बरोबर, आकडे आपले.

रंगकामाबद्दल इथे सगळं सांगायला बसलो तर जागा पुरणार नाही, पण रॅम्पविषयी सांगायलाच हवं. रणगाडा ट्रेलरवर चढतो तो मागच्या रॅम्पवरून, आणि ट्रान्सपोर्टरच्या अंगावर सगळ्यांत जास्त अत्याचार तिथे होतो. नवशिके संपूर्ण रॅम्प गंजका करून टाकतात. खरं तर पट्टा जिथून जातो तिथे गंज टिकतच नाही. पोलादी पट्ट्याचा टी-७२ तिथलं लोखंड घासून चकचकीत करतो, आणि गंज त्या पट्टीच्या दोन्ही कडांना, कोपऱ्यांत, बिजागऱ्यांपाशी राहतो. उलट अब्राम्सच्या पट्ट्याला रबराचे पॅड असतात. त्याचा रॅम्प चकाकत नाही, त्यावर काळे फराटे उमटतात. म्हणजे रिकामा ट्रेलर बघूनसुद्धा त्यावरून कुठला रणगाडा गेला हे सांगता यायला हवं. वजनाचंही तसंच. टी-७२ साधारण ४१ टनांचा, आपला अर्जुन पहिल्या आवृत्तीतच ५८ टनांच्या वर. एकाच जातीच्या ट्रेलरवर हे दोन्ही सारखेच बसलेले दिसले, तर त्या दोन मॉडेलांपैकी एक खोटं आहे.

धुळीचा रंग हा स्वतंत्र अभ्यास. राजस्थानात सरावाला गेलेल्या गाडीवर पिवळट, पिठासारखी बारीक वाळू बसते आणि ती सगळ्या आडव्या भागांवर सारखी पसरते. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चाललेली गाडी मात्र चिखलाची ढेकळं घेऊन फिरते, आणि ती चाकाच्या आतल्या बाजूला साठतात. आमच्यातले काही जण खरी माती चाळून, भाजून बाटल्यांत भरून ठेवतात, बाटलीवर गावाचं नाव. भाजणं महत्त्वाचं, तसं नाही केलं तर काही महिन्यांनी मॉडेलवर बुरशी येते.

या ट्रकांची इतकी उस्तवारी कशाला करायची, असं रणगाडेवाले मित्र विचारतात. मी त्यांना १९९१ च्या आखाती युद्धाची आठवण देतो. वाळवंटात शेकडो किलोमीटर पलीकडे फौजा सरकवायच्या होत्या. रणगाडे स्वतःच्या पट्ट्यांवर तेवढे चालवले तर लढाईआधीच निम्मे दुरुस्तीला लागले असते. अमेरिकेकडे स्वतःचे ट्रान्सपोर्टर पुरेसे नव्हते. रसदप्रमुख जनरल पॅगोनिस यांच्या यंत्रणेला दुसऱ्या देशांकडून ते जमवावे लागले. पुढच्या झपाट्याच्या चढाईचं कौतुक रणगाड्यांच्या वाट्याला आलं. त्याआधीच्या रात्री ज्यांनी एकामागून एक ट्रक हाकले त्यांची नावं कुठल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाहीत. आमच्या टेबलावर तरी त्यांना पहिला मान मिळतो.

सुभेदारसाहेब आता नेमाने येतात. गेल्या बैठकीत त्यांनी नवी तक्रार काढली. म्हणाले, ‘गाड्या बरोबर झाल्या, पण तुमच्या केबिनी रिकाम्या. माणसं राहत्यात तिथं. सीटमागं वळकटी पायजे, स्टोव्ह पायजे, पाण्याची जरीकॅन पायजे, आन्‌ पाना हाताला लागंल असा दाराशी पायजे, कारण साखळी आवळायला उतरायचं असतंय.’ त्या कॉलेजातल्या मुलाने लगेच वहीत लिहून घेतलं. १/३५ मध्ये स्टोव्ह कुठल्या वस्तूतून करायचा यावर सध्या आमची चर्चा चालू आहे. भोसरीचा मित्र म्हणतो लेथवर काढून देतो, पण बर्नरची भोकं पाडायला लागणारं ड्रिल अजून मिळालेलं नाही.